निसटलं की आवळणारा हात

एका सोमवारी जाफराबादहून भोकरदनला निघालेल्या एसटीच्या खिडकीतून मामांनी हात बाहेर काढला. रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती. तिला ते बोटांनी बांगडीचं माप दाखवत होते. समोरून ट्रक आला. दीड महिन्यानं मामा दवाखान्यातून घरी आले. हात आला नाही.

मामा कासार होते. बाजारपेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान आणि आमचं वाचनालय यांच्यात एका विटेची भिंत होती. तिकडं बांगड्या किणकिणायच्या, इकडं मी पुस्तकांवर शिक्के मारायचो. कासाराला गावातल्या बायका भाऊ मानतात, म्हणून त्यांची पोरं त्याला मामा म्हणतात. पोरांचं ऐकून बापही म्हणू लागतात. आमच्याकडं तहसीलदारसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे, आणि मामा तहसीलदारांना त्यांच्या माघारी ‘दोन-आठ’ म्हणायचे.

हे तहसीलदारांचं बांगडीचं माप होतं. माणूस दिसला की मामा आधी त्याच्या मनगटाकडं बघत आणि बांगडीचा आकडा ठरवत. माणसांची नावं ते विसरत, आकडा विसरत नसत. “ते दोन-सहा आल्ते का, वाचायला?” असं ते भिंतीपलीकडून विचारत, आणि मला थोड्याच दिवसांत कळायलाही लागलं, की दोन-सहा म्हणजे निवृत्त हेडमास्तर.

कासाराचं काम तुम्ही येता-जाता पाहिलं असेल, पण पुरुषमाणसं तिथं फार वेळ थांबत नाहीत, म्हणून सांगतो. एका हातानं तो बाईचा पंजा असा दाबतो की बोटांची हाडं एकमेकांवर येतात. दुसऱ्या हाताच्या चिमटीत बांगडी धरून तो ती हळूहळू फिरवत पुढं सारतो. बांगडी काचेची, हात हाडांचा. दोन्हींतलं काहीच मोडायचं नाही. मामांचं एकच वाक्य दिवसातून शंभरदा भिंतीतून यायचं, “हात ढिला सोड, माय. जोर मी लावतो.”

उजवा हात गेल्यावर दुकान मामींनी चालवलं. त्याही चांगल्या भरायच्या. मामा शेजारी बसून नुसते आकडे सांगायचे. मी कधी विचारपूस केली तर म्हणायचे, “बरं चाललंय, सर. आता मी रेडिओ झालोय. नुसतं बोलून राह्यलो.”

दोन वर्षांनी औरंगाबादला कृत्रिम हातापायांचं शिबिर झालं. कुणीतरी मामांना घेऊन गेलं. तिथं पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. त्या विजेवर चालणारा हात तयार करत होत्या आणि तो वापरून बघायला त्यांना माणूस हवा होता. पाच-सहा जणांना त्यांनी विचारलं, तुमचं काम काय? कुणी म्हणालं शेती, कुणी म्हणालं हमाली. मामा म्हणाले, “काचंचं.” मॅडमनी पेन खाली ठेवलं.

असा तो हात जाफराबादला आला. गव्हाळ रबराचा, नखं काढलेला, कोपराखाली पट्ट्यानं बसणारा. त्याच्या आत, कातडीला टेकतील अशा दोन चकत्या होत्या. उरलेल्या हातातला स्नायू आवळला की एका चकतीला ते कळायचं आणि बोटं मिटायची. दुसरा आवळला की उघडायची. मिटताना उघडताना तो झुंईं असा आवाज करायचा. शिवाय अंगठ्याच्या टोकाला एक सेन्सर होता, आणि मॅडमचा सगळा जीव त्या सेन्सरमध्ये होता. धरलेली वस्तू जराशी जरी निसटू लागली, तरी सेन्सरला ते समजायचं आणि हात आपण होऊन पकड घट्ट करायचा. माणसाला काही करावं लागत नसे.

मॅडमनी सराव म्हणून अंडं उचलायला सांगितलं. मामा माळकरी. ते म्हणाले, “आमच्यात चालत न्हाई.” मग टोमॅटो आणला. टोमॅटो उचलला गेला. मग पेढा. पेढाही उचलला गेला, आणि मामांनी तो पुराव्यासकट खाऊन टाकला. मॅडम आनंदानं पुण्याला गेल्या. जाताना त्यांनी इंग्रजी माहितीपुस्तिका दिली. मामांनी ती भिंतीला वळसा घालून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

“सर, तुम्ही ह्याचं सगळं वाचा. मला फक्त कामाचं सांगा.”

पहिल्या आठवड्यात हॉटेलातले तीन ग्लास गेले. धुतलेला ओला ग्लास हातातून सरकायला लागला की हात आवळायचा. आवळला की ग्लास आणखी सरकायचा. मग हात आणखी आवळायचा. शेवटी चहा मामांच्या धोतरावर आणि काच टेबलावर. हॉटेलवाल्यानं त्यांच्यासाठी स्टीलचा पेला वेगळा ठेवला. मात्र लिंबू पिळायला तो त्यांना आवर्जून हाक मारायचा.

मग बकरीचं झालं. आठवडी बाजारात कुणीतरी मामांना म्हणालं, “मामा, जरा धरता का, आलोच.” आणि दोरी त्यांच्या उजव्या हातात दिली. बकरीला ती जागा आवडली नाही. तिनं ओढ घेतली. दोरी निसटतेय हे सेन्सरला कळलं. हात आवळला. बकरीनं जोर केला. हातानंही केला. घाबरलेल्या माणसाला कुठला स्नायू आवळायचा हे सुचत नाही. बकरी पुढं, मामा मागं, अशी दोघं भाजीच्या ओळीतून, भांड्यांच्या ओळीतून, पार एसटी स्टँडपर्यंत गेली. मामा ओरडत होते, “मी न्हाई धरलं! ह्यानं धरलंय!” कंडक्टरनं बकरीला पाणी दाखवलं तेव्हा ती थांबली.

बाजाराचं हसून झाल्यावर मामा वाचनालयाच्या पायरीवर बसले. त्यांनी तो हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत म्हणाले, “सर, हा हात बिलकुल आमच्या धंद्याचा न्हाई.”

“का?”

“हा निसटू देत न्हाई. आन् बांगडी भरणं म्हणजे निसटू देणंच असतंय. चिमटीतून बांगडी सरकली न्हाई, तर जाईल कशी? बाईचा हात सरकला न्हाई, तर येईल कसा?”

त्यांनी आदल्या दिवशी गुपचूप करून पाहिलं होतं. बांगडी चिमटीत धरून फिरवली की सेन्सरला वाटे, निसटतेय. हात आवळे. काचेचा चुरा.

हे बोलणं तिथंच संपलं असतं, पण त्याच महिन्यात सुनंदाचं जमलं. सुनंदा ही मामांची एकुलती मुलगी. मुलगा वडीगोद्रीचा, हायवेला दुकान, माणसं बरी. लग्न चार महिन्यांवर. मामी म्हणाल्या, “चुडा मी भरते पोरीचा.”

मामांनी पुढ्यातली बांगड्यांची पेटी मिटली. मग म्हणाले, “बारशाला तिच्या हातात पहिली काळी बांगडी म्या घातली. हात एवढुसा, कुठं धरावा कळंना. साऱ्या तालुक्याच्या पोरींचे चुडे म्या भरले. आन् माझ्या पोरीच्या वक्ताला मी काय करू, पाव्हण्याला पान देऊ?”

तर सराव करायला हवा होता, आणि सरावाला मनगट हवं होतं. इथं अडचण आली. सवाष्णीच्या हातावर बांगडी फुटणं अशुभ. आमच्याकडं तर तो शब्दही उच्चारत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. लग्न ठरलेल्या मुलीच्या हातावर तर नकोच नको. बायका दुकानात यायच्या, त्या हाताचा झुंईं ऐकला की मामींच्या बाजूला सरकायच्या.

मामा भिंतीला वळसा घालून आले. माझ्या मनगटाकडं बघत म्हणाले, “सर, तुम्ही दोन-आठ.”

मी पुस्तक मिटलं.

“तुमच्या हातावर वाढली तर कुणाचं काय जातंय? तुमचं लग्न न्हाई, तुम्ही बाई न्हाई. शकुन-अपशकुन तुमच्या वाटंला येतच न्हाई.”

मी मनगटावरचं घड्याळ सोडून ठेवलं.

रोज दुपारी एक ते तीन वाचनालय बंद असे. तेव्हा मी आतल्या खोलीत हात पुढं करून बसायचो. “हात ढिला सोडा, सर,” मामा म्हणायचे, आणि सवयीनं पुढं “माय” असंही निघून जायचं. डाव्या हातानं ते माझा पंजा दाबायचे. त्या दाबात वीस वर्षांचं काम होतं, मला दुखायचंसुद्धा नाही. उजवा हात बांगडी पुढं सारायचा. झुंईं. कट्ट. मामा म्हणायचे, “वाढली.” एका दुपारी तेरा वाढल्या. मनगटाला लावायला मामींनी हळद पाठवली.

मी पुण्याला पत्र लिहिलं, की हा निसटण्याचा सेन्सर बंद कसा करायचा? मॅडमचं उत्तर आलं, की तो बंद करता येत नाही, तो तर या हाताचा मुख्य गुण आहे. पत्र नम्र होतं. मामांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “बराबर हाय. त्यांनी कधी बांगड्या भरून घेतल्या नसतील.”

अठ्ठाविसाव्या की एकोणतिसाव्या दिवशी एक बांगडी गेली. हिरवी, साधी. झुंईं आवाज आला, तो जरा रडवेला होता, आणि बांगडी हाडांवरून सरकून मनगटावर येऊन बसली. आम्ही दोघं तिच्याकडं बघत राहिलो. मग मामांनी भिंतीवर डावा हात आपटून मामींना हाक मारली. मामी आल्या, सुनंदा आली, हॉटेलवाला आला.

आता ती काढायची कशी, हा प्रश्न होता. फोडायला मामा तयार नव्हते. “पहिली हाय, सर. पहिली फोडायची न्हाई.” बायका साबण लावून काढतात तशी काढून पाहिली, पण माझा पंजा बायकांसारखा मऊ नव्हता. शेवटी मामींनी तेल चोळून ती काढली, पण तोवर मी नऊ दिवस ती बांगडी घालून वावरलो. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. शिक्का मारला की किण्. पान उलटलं की किण्. निवृत्त हेडमास्तर वर्तमानपत्र खाली करून चार दिवस नुसतेच बघत होते. पाचव्या दिवशी जवळ येऊन हळूच म्हणाले, “पुढच्या दाराने आणा हो. आम्ही काही म्हणणार नाही.” त्यांना वाटलं, मी आतल्या खोलीत कुणालातरी आणलं आहे.

त्या नऊ दिवसांत मी विचार केला. त्या दिवशीच का गेली? मग आठवलं, आदल्या रात्री वीज नव्हती, आणि हाताची बॅटरी चार्ज झाली नव्हती. पुस्तिका पुन्हा वाचली. तिसाव्या पानावर होतं, बॅटरी उतरली की पकड कमजोर होते. पुण्याच्या माणसांनी ते दोष म्हणून लिहिलं होतं. मी तेवढ्या भागाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि पलीकडं गेलो.

“मामा, हात दमला की भरतो.”

मामांनी डाव्या हातानं रबराची बोटं चाचपली. “माणसाचंबी तसंच हाय,” म्हणाले.

मग आम्ही हात दमवायला लागलो. उघड-मीट, उघड-मीट. किती वेळा केलं की तो आवळायला कंटाळतो पण बांगडी धरायला कंटाळत नाही, याचा अंदाज मी काढला. साधारण दोनशे. त्यानंतर वीस-पंचवीस बांगड्यांपुरता तो बरोबर वागायचा. पुढं मात्र मरायचा. माझ्या हातात ओळीनं एकवीस भरल्या गेल्या त्या दिवशी मामी रडल्या आणि मी दार लावून बसलो.

लग्नाचा दिवस आला. मुहूर्त साडेबाराचा, चुडा अकराला भरायचा. एकवीस बांगड्या, एका हातात दहा, दुसऱ्यात अकरा. ठरलं असं, की सकाळपासून मामांनी हात दमवायचा. पण मांडवाच्या दारात उभं राहून वधूपित्यानं नुसतीच उघड-मीट करणं बरं दिसेना. तेव्हा मामांनीच शक्कल काढली, की आलेल्या पाव्हण्यांशी हात मिळवायचा. मी बाजूला उभा राहून मोजायचं.

आमच्या भागात लग्नात कुणी हात मिळवत नाही. रामराम करतात, गंध लावतात. धोतर-टोपीतले म्हातारे रामराम करायला हात जोडायचे, तर मामा मधेच त्यातला एक काढून घ्यायचे. झुंईं. “या, या.” झुंईं. “बसा.” म्हातारा आपल्या हाताकडं बघत पुढं जायचा. एकाला वाटलं मामा आता काँग्रेसमध्ये गेले.

एकशे सत्तरपर्यंत सगळं नीट चाललं. मग वडीगोद्रीहून वऱ्हाड आलं. एक टेंपो येणार होता, दोन आले. मी एकशे नव्वदला खुणावलं. दोनशेला मामांचा सदरा ओढला.

“बस्स करा, मामा.”

“सर, पाव्हण्याला कमी-जास्त करता येत न्हाई. ह्याला दिला आन् त्याला न्हाई दिला तर जल्दीच रुसवा होईल.”

त्यांचंही खरं होतं. दुसऱ्या टेंपोतल्या शेवटच्या माणसापर्यंत, ड्रायव्हरपर्यंत, मामांनी हात मिळवला. दोनशे छप्पन्न.

चुडा भरायला बसले तेव्हा हाताचा आवाज चिलटाएवढा झाला होता. बायका गोल करून उभ्या होत्या. मामांनी मुलीचा हात डाव्या हातात घेतला. नेहमीचं वाक्य ते बोलले नाहीत. पहिली गेली. दुसरी गेली. दहा झाल्या. दुसरा हात घेतला. अकरावी, पंधरावी, अठरावी. मी मागं उभा राहून श्वास मोजत होतो. विसावी गेली. एकविसावी हाडांवरून सरकली, मनगटावर बसली, आणि तिच्यामागोमाग मामांची रबराची बोटं मनगटाभोवती मिटली. आवाज बंद झाला.

सगळ्या बायकांनी “भरला, भरला” केलं. सुनंदा डोळे पुसत हसली. मग म्हणाली, “बाबा, सोडा की.”

“मी सोडलाय गं,” मामा म्हणाले. “ह्यो न्हाई सोडून राह्यला.”

ओढून काढावा तर खालच्या अकरा बांगड्या जाणार. मांडवात गुरुजींनी घाई केली होती. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “काय झालं? पोरगी देत न्हाईत का काय?”

मला पुस्तिकेचं सहावं पान आठवलं. रबराचा पंजा मनगटाशी अर्धा फेरा फिरवला की कोपराखालच्या सांगाड्यातून सुटतो. आम्ही मामांनाच अर्धा फेरा फिरवलं. खट्ट झालं. मामा मोकळे झाले, हात सुनंदाच्या मनगटावर राहिला.

अशी ती अंतरपाटाशी गेली. एका हातात दहा बांगड्या, दुसऱ्यात अकरा आणि बापाचा हात. शेल्यानं झाकलेला, पण बोटं दिसतच होती. गुरुजी थबकले.

“हे काय?”

“वधूपित्याचा हात,” मी म्हणालो.

गुरुजींनी शेला जरा पुढं ओढला. “असू द्या. नाहीतरी लागतोच.” आणि मंगलाष्टकं सुरू केली.

विहीणबाई आपल्या जावेला म्हणाल्या, “तीन हाताची सून केली गं आपण.” जाऊ म्हणाली, “कामाला बरी.” मग त्या दोघी हसल्या. मामींनी मागं उभ्या उभ्या इतका वेळ धरलेला पदर सोडला.

अक्षता पडल्यावर मी हॉटेलवाल्याच्या टॉर्चचे चार सेल आणले, वायर आणली. मामा मुलीशेजारी पाटावर बसले. हात पुन्हा सांगाड्यात बसवला. मी सेल एकमेकांना जोडून दाबून धरले. काहीच झालं नाही. वायर नीट केली. तरी नाही.

“मामा, करंट येतोय. स्नायू तुम्ही आवळायचा,” मी म्हटलं.

“माहीत हाय,” मामा हळू म्हणाले.

मी सेल तसेच दाबून धरले. माझी बोटं गरम झाली. सुनंदा खाली बघत होती. मग झुंईं असा आवाज आला आणि एकेक बोट उघडलं. एकही बांगडी वाढली नाही.

हे सगळं मी पुण्याला सविस्तर लिहिलं, सात पानं. दोन आठवड्यांनी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी मामांसमोर बसून हात पुढं केला. मामा म्हणाले, “दोन-चार.” मग मामींनी आणि मामांनी मिळून त्यांना बारा बांगड्या भरल्या. मॅडम सबंध वेळ आपल्या पंज्याकडं बघत होत्या. सहा महिन्यांनी हात दुरुस्त होऊन आला तेव्हा त्याच्या मनगटाशी एक लहान बटण होतं. ते दाबलं की निसटण्याचा सेन्सर झोपायचा.

त्या हातानं मामांनी पुढं सहा वर्षं बांगड्या भरल्या. बायका पुन्हा त्यांच्या बाजूला सरकल्या. माझ्या मनगटाची गरज संपली. भिंतीतून परत ते वाक्य येऊ लागलं, त्याच्यामागून झुंईं.

मामा एका दुपारी दुकानात बसल्या जागी गेले. समोरच्या बाईला त्यांनी आकडा सांगितला होता, बांगड्या काढायच्या राहिल्या होत्या.

घरी वाद झाला. कुणी म्हणालं, हात लावूनच न्यावं, अपुरं माणूस पाठवू नये. कुणी म्हणालं, रबर आहे, बॅटरी आहे, चितेवर चालणार नाही. शिवाय तो हात संस्थेचा. सगळे माझ्याकडं बघू लागले, पुस्तिका मी वाचलेली म्हणून. पुस्तिकेत याबद्दल काही नव्हतं. मामी आतून आल्या आणि म्हणाल्या, “त्यांचा एक हात आधीच पुढं गेलाय. तिथं सापडंल त्यांला. ह्यो ज्याचा त्याला द्या.”

मी तो पेटीत भरून पुण्याला पाठवला. सोबत बटण कुठलं, कसं दाबायचं, याचा एक कागद मराठीत लिहून ठेवला. इंग्रजीत होतंच, पण राहवलं नाही.

दुकानात आता मामी बसतात. भिंत आहे तशीच आहे. गेल्या वर्षी मॅडमचं पत्र आलं. हात नवं रबर चढवून एका शिंप्याला दिला आहे. कापड हाताखालून सरकू द्यावं लागतं, म्हणून तो दिवसभर बटण दाबून ठेवतो. बटण चालतं, असं पत्रात लिहिलं आहे.